आक्रमक कवकसंसर्ग : टी-कोशिका प्रतिरक्षा व कोशिका-चिकित्सा

कवके सामान्यतः त्वचा, नखे, केस व श्लेष्मकलेचा पृष्ठभाग यांवर वाढतात. त्यांपासून होणारे गजकर्ण, नायटा यांसारखे विकार त्रासदायक असले, तरी जिवावर बेतणारे नसतात. मात्र कवक हा अडथळा ओलांडून रक्तवाहिन्या, फुप्फुस, मेंदू, यकृत, मूत्रपिंड अशा अंतर्गत इंद्रियांत शिरून वाढू लागले, म्हणजे त्या विकाराला ‘आक्रमक कवकसंसर्ग’ असे म्हणतात. हे संसर्ग बहुधा अशा व्यक्तींना होतात की, ज्यांची रोगप्रतिकारक्षमता दुसऱ्या एखाद्या रोगाने किंवा त्यावरील उपचाराने अगोदरच दुर्बल झालेली असते. त्यामुळे या संसर्गांचा अभ्यास हा जितका कवकांचा तितकाच प्रतिरक्षा यंत्रणेचा अभ्यास ठरतो. या यंत्रणेतील टी-कोशिका या नावाच्या श्वेत कोशिका कवकांविरुद्ध कोणते कार्य करतात आणि त्या कोशिका बाहेरून पुरवून रोग आटोक्यात आणता येईल काय, या दोन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

कारक कवके : पृथ्वीवरील लक्षावधी कवकजातींपैकी अगदी थोड्याच माणसाच्या शरीरात खोलवर वाढू शकतात. बहुतेक कवकांना सु. ३७° से. हे शारीरिक तापमान मानवत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये महत्त्वाच्या १९ रोगकारक कवकांची सूची प्रसिद्ध केली. तीत ॲस्परजिलस फ्युमिगेटस, कँडिडा अल्बिकान्स, कँडिडा ऑरिस व क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही चार कवके सर्वांत तातडीच्या गटात आहेत. यांपैकी ॲस्परजिलस हे कुजणारा पाला, धान्य, कंपोस्ट इत्यादींवर वाढते. त्याचे बीजाणू २–३ मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे फुप्फुसातील वायुकोशापर्यंत सहज पोहोचण्याइतके लहान असतात. प्रत्येक व्यक्ती श्वासावाटे रोज असे शेकडो बीजाणू आत घेत असते. कँडिडा अल्बिकान्स हे यीस्टसारखे कवक निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात वस्तीला असते. क्रिप्टोकॉकस पक्ष्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत सापडते व फुप्फुसावाटे शिरून पुढे मेंदूच्या आवरणांना शोथ (दाहयुक्त सूज) आणते. म्हणजेच कवकाशी संपर्क ही अपवादात्मक गोष्ट नसून रोग होणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. हा अपवाद केव्हा घडतो, हे समजण्यासाठी शरीराच्या संरक्षणाची रचना पाहणे आवश्यक आहे.

जन्मजात प्रतिरक्षा : कोशिकांकडून होणाऱ्या संरक्षणाची कल्पनाच मुळात कवकसंसर्गाच्या निरीक्षणातून दृढ झाली. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह यांनी १८८४ साली डॅफ्निया या पाणपिसवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका यीस्टसदृश कवकाचे सुईसारखे बीजाणू या प्राण्याच्या आतड्याची भित्ती भेदून आत शिरत आणि तेथील फिरत्या कोशिका त्यांना वेढून गिळून टाकीत. कोशिकांनी बीजाणू संपविले तर प्राणी वाचे, अन्यथा कवक वाढून तो मरत असे. भक्षी कोशिकांवरील या कार्याबद्दल मेच्निकोव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसात हे काम मुख्यतः उदासीनरागी श्वेत कोशिका व महाभक्षी कोशिका करतात. महाभक्षी कोशिका वायुकोशात आलेले बीजाणू गिळून नष्ट करतात. त्यांतून सुटलेला बीजाणू रुजून त्याला तंतू फुटले, तर ते गिळण्याच्या दृष्टीने फार लांब असतात. अशा वेळी उदासीनरागी कोशिका तंतूंना चिकटून त्यांवर ऑक्सिजनापासून बनलेली तीव्र विक्रियाशील द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये तयार करणारे एंझाइम जन्मतःच सदोष असलेल्या बालकांना ॲस्परजिलसाचा संसर्ग पुनःपुन्हा होतो. रक्ताच्या कर्करोगावरील रासायनी चिकित्सेत उदासीनरागी कोशिकांची संख्या दर घन मिमी. रक्तात ५०० पेक्षा खाली जाऊन दीर्घकाळ तशीच राहिली, तर हाच धोका उद्‌भवतो.

कवक ओळखण्याची सोय या कोशिकांमध्ये उपजत असते. कवकांच्या कोशिकाभित्तीत बीटा-ग्लुकान, मॅनान, कायटिन ही बहुशर्करा द्रव्ये असतात. मानवी कोशिकांना अशी भित्तीच नसते. फळमाशीतील टोल या जीनात बिघाड असेल, तर ती माशी ॲस्परजिलसाच्या संसर्गाने मरते, असे झूल हॉफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली फ्रान्समध्ये दाखविले. या शोधामुळे सस्तन प्राण्यांतील अशाच ग्राहींचा (विशिष्ट द्रव्य ओळखून त्याला बद्ध होणाऱ्या प्रथिनांचा) शोध सुरू झाला. हॉफमान यांना २०११ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बीटा-ग्लुकान ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राही २००१ साली ओळखण्यात आला. पुढे वर्णन केलेल्या नव्या उपचारपद्धतींपैकी एकीत याच ग्राहीचा उपयोग केला आहे.

टी-कोशिकांचे कार्य : जन्मजात प्रतिरक्षा तत्काळ कामास लागते, परंतु तिचे कार्य दीर्घकाळ टिकविणे व योग्य दिशेने वळविणे हे काम टी-कोशिकांचे असते. या लसीका कोशिका अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीतील यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. या ग्रंथीचे महत्त्व झाक मिलर यांनी १९६१ साली लंडनमध्ये नवजात उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी उघड झाले. ग्रंथी काढून टाकलेले उंदीर संसर्गांना सहज बळी पडत आणि त्यांचे शरीर परक्या त्वचेचे प्रतिरोपण नाकारू शकत नसे.

टी-कोशिका कवकाला थेट ओळखत नाहीत. फुप्फुसातील किंवा त्वचेतील शाखाकृती कोशिका कवक गिळतात, त्याच्या प्रथिनांचे लहान तुकडे करतात आणि लसीका ग्रंथीत जाऊन ते तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. ज्या टी-कोशिकेचा ग्राही त्या तुकड्याशी जुळतो ती विभागू लागते आणि काही दिवसांत तिच्यापासून हजारो समान कोशिका निर्माण होतात. कोणते कवक गिळले गेले व ते बीजाणूरूपात होते की तंतुरूपात, यांनुसार शाखाकृती कोशिका निरनिराळे संदेश देतात. त्या संदेशांप्रमाणे टी-कोशिकांचे निरनिराळे वर्ग बनतात.

साहाय्यक टी-कोशिकांच्या पृष्ठभागावर सीडी ४ हे प्रथिन असते. त्यांतील पहिल्या वर्गाच्या कोशिका इंटरफेरॉन-गामा स्रवतात. त्याच्या प्रभावाने महाभक्षी कोशिकांची मारक शक्ती वाढते आणि एरवी त्यांच्या पोटात जिवंत राहू शकणारे क्रिप्टोकॉकस किंवा हिस्टोप्लाझ्मा नष्ट होते. दुसऱ्या वर्गाच्या कोशिकांचे प्राबल्य झाल्यास ॲलर्जीकारक प्रतिक्रिया वाढते व कवकाचा नायाट नीट होत नाही. टिमथी मॉसमान व रॉबर्ट कॉफमान यांनी १९८६ साली उंदरांतील कोशिकांवरून हे दोन वर्ग वेगळे केले. २००५ च्या सुमारास सतरा क्रमांकाचा वर्ग ओळखण्यात आला. या कोशिका इंटरल्यूकिन-१७ स्रवतात. त्यामुळे श्लेष्मकलेकडे उदासीनरागी कोशिका बोलावल्या जातात आणि पृष्ठभागावरील कोशिका कवकमारक प्रथिने तयार करू लागतात. चौथा वर्ग नियामक कोशिकांचा असून तो प्रतिक्रिया मर्यादेत ठेवतो. याशिवाय सीडी ८ हे प्रथिन धारण करणाऱ्या मारक टी-कोशिका असतात. त्या छिद्रे पाडणारी प्रथिने सोडून इतर कोशिकांचा नाश करतात.

मानवी रोगांवरून मिळणारा पुरावा : वरील श्रमविभाग केवळ उंदरांतील प्रयोगांवर आधारलेला नाही. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस अँजेल्स येथील पाच तरुणांना झालेल्या न्यूमोसिस्टिस फुप्फुसशोथाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्स या रोगाची ती पहिली अधिकृत नोंद होय. न्यूमोसिस्टिस हा त्या वेळी आदिजीव समजला जाई. तो कवक असल्याचे १९८८ साली सिद्ध झाले. एड्सच्या विषाणूमुळे सीडी ४ कोशिका नष्ट होतात. त्यांची संख्या दर घन मिमी. रक्तात १०० पेक्षा खाली आली म्हणजे क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथाचा धोका फार वाढतो. २०२० साली या शोथाचे जगात सु. १,५२,००० रुग्ण व त्यामुळे सु. १,१२,००० मृत्यू झाले असावेत, असा अंदाज करण्यात आला आहे. उलट, अशा रुग्णांत ॲस्परजिलसाचा प्रादुर्भाव तुलनेने कमी असतो. कारण त्यांच्या उदासीनरागी कोशिका बऱ्याच काळापर्यंत टिकून असतात. कोणत्या प्रकारची कोशिका कमी पडते यावर कोणते कवक आक्रमण करील हे अवलंबून असते, असे यावरून दिसून येते.

इंटरल्यूकिन-१७ किंवा त्याचा ग्राही जन्मतः सदोष असल्यास तोंड, त्वचा व नखे यांवर कँडिडाचा चिवट संसर्ग होतो. परंतु कवक बहुधा रक्तात शिरत नाही. सोरायसिस या त्वचारोगावर इंटरल्यूकिन-१७ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे देतात, तेव्हाही कँडिडाचे सौम्य संसर्ग वाढतात. याउलट, डेक्टिन-१ कडून आलेला संदेश कोशिकेच्या आत पोहोचविणाऱ्या कार्ड-९ या प्रथिनात दोष असल्यास कँडिडा मेंदूपर्यंतही जाऊ शकते. हा दोष २००९ साली उजेडात आला.

प्रतिरक्षेचा अतिरेक : अधिक प्रतिरक्षा म्हणजे नेहमीच अधिक लाभ, असे मानणे चुकीचे ठरेल. एड्सच्या रुग्णात क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथ झाला असता विषाणुरोधक औषधे त्वरित द्यावीत, म्हणजे टी-कोशिका लवकर वाढून रुग्ण सुधारेल, अशी अपेक्षा होती. आफ्रिकेतील युगांडा व दक्षिण आफ्रिका येथे झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच्या उलट आढळले. एक ते दोन आठवड्यांत औषधे सुरू केलेल्या रुग्णांपैकी ४५ टक्के रुग्ण २६ आठवड्यांत दगावले, तर सु. पाच आठवडे थांबून औषधे दिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. कवटीसारख्या बंदिस्त जागेत अनावर शोथ झाल्यास तो कवकाइतकाच घातक ठरू शकतो. टी-कोशिका पुरविण्याच्या कोणत्याही योजनेत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

औषधांच्या मर्यादा : कवकांच्या कोशिका व मानवी कोशिका यांची अंतर्गत रचना बरीच सारखी आहे. त्यामुळे कवकाला मारणारे पण माणसाला अपाय न करणारे औषध शोधणे हे जंतुनाशक ⇨ प्रतिजैव पदार्थ शोधण्यापेक्षा अवघड ठरले आहे. आक्रमक संसर्गांवर मुख्यतः तीन गट वापरात आहेत : (१) व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९५० नंतरच्या दशकात मिळविलेले ॲम्फोटेरिसीन-बी, हे प्रभावी, पण मूत्रपिंडाला अपायकारक आहे. (२) कवकाच्या पटलातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याची निर्मिती रोखणारी ॲझोल औषधे. (३) बीटा-ग्लुकानाची निर्मिती रोखणारी एकायनोकँडिने. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत आक्रमक ॲस्परजिलस संसर्गाचे व्होरिकोनॅझोल घेणारे सु. ७१ टक्के रुग्ण १२ आठवड्यांनंतर जिवंत होते, तर ॲम्फोटेरिसीन-बी घेणाऱ्यांत हे प्रमाण सु. ५८ टक्के होते. ही मोठीच प्रगती असली, तरी उत्तम औषध मिळूनही दहांपैकी सु. तीन रुग्ण वाचू शकले नाहीत, हेही त्यातून स्पष्ट होते. शिवाय शेतीत वापरल्या जाणाऱ्या ॲझोल कवकनाशकांमुळे या औषधांना दाद न देणारे ॲस्परजिलस वातावरणातच तयार होऊ लागले आहे. कँडिडा ऑरिसचे अनेक प्रकार एकापेक्षा अधिक गटांतील औषधांना जुमानत नाहीत. औषध कवकाची वाढ रोखते. परंतु त्याचा अंतिम निःपात बहुधा रुग्णाच्या कोशिकांनाच करावा लागतो. त्या कोशिका परत मिळवून देणे हा कोशिका-चिकित्सेचा हेतू आहे.

कोशिका-चिकित्सा : (अ) उदासीनरागी कोशिकांचे संक्रामण : दात्याच्या रक्तातून या कोशिका वेगळ्या करून रुग्णास देणे हा सर्वांत जुना उपाय होय. त्यांचे आयुष्य फार अल्प असल्याने त्या वारंवार द्याव्या लागतात. अमेरिकेत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांचा विचार करता त्यांचा निश्चित लाभ सिद्ध झाला नाही.

(आ) कवकविशिष्ट टी-कोशिकांचे संक्रामण : टी-कोशिका दीर्घायुषी असून शरीरात विभागून वाढतात, हा त्यांचा फायदा आहे. सिअॅटल येथे १९९२ साली सायटोमेगॅलो विषाणूविरुद्धच्या टी-कोशिका अस्थिमज्जा-प्रतिरोपण झालेल्या रुग्णांस सुरक्षितपणे देता येतात, असे दाखविण्यात आले. कवकांच्या बाबतीत असा प्रयोग इटलीतील पेरूजा येथे झाला. तेथे जीनदृष्ट्या अर्धेच जुळणाऱ्या नातेवाइकांकडून (उदा., माता किंवा पिता) मूळ कोशिका घेऊन प्रतिरोपण करीत. अशा प्रतिरोपणात दात्याच्या टी-कोशिका काढून टाकाव्या लागतात. कारण एरवी त्या रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. परिणामी रुग्णाला कित्येक महिने टी-कोशिकांचे संरक्षण मिळत नाही.

पेरूजातील वैद्यांनी दात्याच्या टी-कोशिका प्रयोगशाळेत निष्क्रिय केलेल्या ॲस्परजिलस बीजाणूंच्या सान्निध्यात वाढविल्या. एकेका कोशिकेपासून वेगळे वंश तयार केले. रुग्णाच्या कोशिकांवर हल्ला करणारे वंश टाकून दिले व उरलेले संक्रामणासाठी वापरले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार फुप्फुसात ॲस्परजिलसाचा संसर्ग झालेल्या १० रुग्णांना अशा कोशिका दिल्या असता ९ रुग्णांत संसर्ग आटोक्यात आला. या रुग्णांना कवकनाशक औषधेही चालू होती आणि रुग्णांची निवड यदृच्छ पद्धतीने केलेली नव्हती. त्यामुळे हा निष्कर्ष आशादायक असला, तरी निर्णायक मानता येत नाही. त्यानंतर जर्मनीत दात्याच्या रक्तातून इंटरफेरॉन-गामा स्रवणाऱ्या टी-कोशिका चुंबकीय पद्धतीने वेगळ्या करण्याची अधिक जलद रीत विकसित झाली. एका कवकाविरुद्धच्या काही टी-कोशिका दुसऱ्या कवकालाही ओळखतात, असेही आढळले आहे. ॲस्परजिलस व कँडिडा यांच्यात समान असलेले असे प्रथिनखंड ज्ञात आहेत. एकाच संक्रामणाने अनेक कवकांपासून संरक्षण मिळण्याची शक्यता त्यामुळे निर्माण होते.

(इ) संकरित ग्राही बसविलेल्या टी-कोशिका : या पद्धतीत टी-कोशिकेत बाहेरून जीन घालून तिच्या पृष्ठभागावर कृत्रिम ग्राही निर्माण करतात. ग्राहीचा बाहेरील भाग लक्ष्य ओळखतो व आतील भाग कोशिकेला कार्यान्वित करतो. शाखाकृती कोशिकांच्या मध्यस्थीची व ऊतकप्रकार जुळण्याची येथे गरज उरत नाही. रक्ताच्या कर्करोगावर हा उपचार अमेरिकेत २०१७ साली मान्य झाला. मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या अशा उपचाराला भारतात २०२३ साली मान्यता मिळाली.

कवकांविरुद्ध याच तत्त्वाचा वापर अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी २०१४ साली केला. त्यांनी डेक्टिन-१ चा बाह्य भाग टी-कोशिकांवर बसविला. जी कोशिका एरवी प्रथिनखंडच ओळखते, ती त्यामुळे कवकाची शर्करा ओळखू लागली आणि उंदरांत ॲस्परजिलसाच्या तंतूंची वाढ रोखली गेली. जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथील संशोधकांनी २०२२ साली ॲस्परजिलस फ्युमिगेटस ओळखणाऱ्या प्रतिपिंडापासून ग्राही तयार केला. तो धारण करणाऱ्या सीडी ८ कोशिकांनी कवकतंतूंना थेट इजा केली आणि महाभक्षी कोशिकांनाही उद्दीपित केले. प्रतिरक्षाहीन उंदरांच्या फुप्फुसांतील कवकाचे प्रमाण त्यामुळे घटले. कवकसंसर्गावरील मान्यताप्राप्त उपचार म्हणून मात्र ही पद्धत अद्याप उपलब्ध नाही.

(ई) थकलेल्या टी-कोशिकांचे पुनरुज्जीवन : दीर्घ आजारात टी-कोशिका संख्येने असूनही निष्क्रिय होतात. बेल्जियममध्ये नेहमीच्या उपचारांनी न हटलेल्या श्लेष्मकवक संसर्गाच्या एका रुग्णास इंटरफेरॉन-गामा व या कोशिकांवरील नियंत्रण सैल करणारे प्रतिपिंड देण्यात आले व रुग्ण बरा झाला, अशी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. तथापि संशोधनाची ती एक दिशा आहे.

अडचणी : ॲस्परजिलसाचा संसर्ग काही दिवसांतच पसरतो, तर कोशिका तयार करण्यास आठवडे लागतात. ज्या रुग्णांना या उपचाराची सर्वाधिक गरज असते त्यांना बहुधा स्टेरॉइडे चालू असतात आणि ती दिलेल्या टी-कोशिकांचाच नाश करतात. दात्याच्या कोशिका रुग्णाच्या ऊतकांवर उलटण्याचा धोका पूर्णपणे टळलेला नाही. आधीच हानी झालेल्या फुप्फुसात शोथ वाढल्यास श्वसन बंद पडू शकते. रुग्णांची संख्या विखुरलेली असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या घेणे कठीण जाते. शिवाय निर्जंतुक उत्पादनगृहे, कुशल तंत्रज्ञ व मोठा खर्च यांमुळे हा उपचार आज मोजक्याच रुग्णालयांच्या आवाक्यात आहे. अगोदरच तयार करून गोठवून ठेवलेल्या कोशिकांची पेढी उभारणे, हा वेळ वाचविण्याचा एक मार्ग होय.

भारतातील परिस्थिती : २०२१ साली कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत श्लेष्मकवक रोगाची साथच भारतात उद्‌भवली. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत होते. ‘काळी बुरशी’ हे त्याचे रूढ झालेले नाव दिशाभूल करणारे आहे. काळा रंग कवकाचा नसून रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतकाचा असतो. अनियंत्रित मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर व आम्लता यांमुळे भक्षी कोशिका मंदावतात आणि कवकाला लोह सहज मिळते. कोविड-१९ मध्ये लसीका कोशिकांची संख्या घटते. त्यातच स्टेरॉइडांचा अतिरिक्त वापर झाला, म्हणजे संरक्षणाच्या तिन्ही फळ्या एकदम कोसळतात. ॲम्फोटेरिसीन-बीचा तुटवडा असतानाच अनेक रुग्णांचे प्राण वाचविण्यासाठी त्यांचा जबडा किंवा डोळा शस्त्रक्रियेने काढावा लागला.

या साथीतील बहुसंख्य रुग्णांना कोशिका-चिकित्सा देणे कोणत्याही देशाला शक्य झाले नसते. त्यांच्यापैकी अनेकांच्या टी-कोशिका व भक्षी कोशिका मूळच्या सुस्थितीत होत्या. साखर व स्टेरॉइडे यांनी त्या निकामी केल्या. म्हणून मधुमेहावर नियंत्रण, स्टेरॉइडांचा जपून वापर व लवकर निदान यांना कोशिका-चिकित्सेच्या युगातही पर्याय नाही. ज्यांची प्रतिरक्षा कर्करोगाने, प्रतिरोपणाने किंवा जन्मजात दोषाने खरोखरच नाहीशी झाली आहे, अशा मर्यादित रुग्णांसाठी मात्र बाहेरून दिलेली टी-कोशिका ही औषधाला जोड देणारी महत्त्वाची मदत ठरण्याची शक्यता आहे.